मागच्या सीटवरची थाप

मित्रांनो, मी स्कूटर आहे, आणि तीही माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, कोपऱ्यात जिचा लहानसा फोटो असतो, ती. माझ्या बहिणींना डिस्क ब्रेक होते, चकचकीत चाकं होती, मोबाइल चार्ज करायची सोय होती. मला ड्रम ब्रेक, लोखंडी चाकं आणि एक प्रामाणिक काटा मिळाला. पेट्रोल भरायचं झाकणसुद्धा त्यांना बाहेरून आणि मला सीटखाली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या झाकणावरून सुरू झालं.

आणखी एक सांगून ठेवते. लोकांना वाटतं, स्कूटरला आरशातून मागचं दिसतं. छे! आरसे चालवणाऱ्यासाठी असतात. मला माणूस कळतो तो वजनावरून. पुढे कोण, मागे कोण, कोण रागाने बसलं, कोण दमून बसलं, हे माझ्या मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला बरोबर समजतं. आता मी जे सांगणार आहे त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मात्र स्प्रिंगला कळलं तेवढंच सांगणार आहे.

मला घ्यायला बापलेक आले होते. लेकीला घरात ठकू म्हणत. खरं नाव काय ते मला आजतागायत ठाऊक नाही, आणि ठकू हे नाव तिला इतकं शोभायचं की विचारावंसंही वाटलं नाही. शोरूममधला माणूस तिच्या मागे लागला होता, "मॅडम, थोडंसं वर गेलात तर वरचं मॉडेल मिळतंय." तेव्हा तिचे वडील, अप्पा, म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावेत. आणि पाय तर मलाच पसरायचेत, मागे बसून." अप्पांना स्कूटर चालवता येत नव्हती. शिकायची भीती वाटायची, पण ते तसं कधी कबूल करायचे नाहीत, 'मागे बसलं की विचार करता येतो' असं म्हणायचे. ते माझ्या मागच्या सीटवर बसले, जरा इकडे तिकडे सरकले, तळव्याने सीटवर थाप मारली आणि म्हणाले, "हीच." कुणी मला पाहून 'हीच' म्हणावं, असं तोवर कधी झालं नव्हतं. मी तिथेच त्यांची झाले.

मग आमचा रोजचा रस्ता सुरू झाला. सकाळी तळघरातल्या पार्किंगमधून चढ चढून वर यायचं, शाळेपुढचे गतिरोधक ओलांडायचे, मोठ्या सिग्नलला थांबायचं, पुलाखालून जायचं, अप्पांना त्यांच्या दुकानाशी सोडायचं आणि तिथून ठकूच्या कामावर. संध्याकाळी तेच उलटं. अप्पांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक शटर, आणि आत दोघं बसले तर तिसऱ्याने बाहेर उभं राहून बोलावं एवढी जागा. ठकू एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायची. लोकांना लख्ख दिसावं म्हणून दिवसभर खपायची, आणि स्वतःच्या चष्म्यावर कायम बोटांचे ठसे.

समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते स्कूटरवर बोलता येतं, कारण दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. ठकू आणि अप्पांचं खरं बोलणं माझ्यावरच व्हायचं. घरी म्हणे दोघंही मुक्यासारखे जेवायचे.

तर ते झाकण. माझ्यात पेट्रोल भरायचं म्हणजे दोघांनीही खाली उतरायचं, सीट उघडायची आणि भरून झालं की दाबून बंद करायची. एका सकाळी पंपावर गर्दी होती. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव नकोसा करत होते. ठकूने घाईघाईत सीट बंद केली, बसली आणि मला स्टँडवरून ढकललं. तो जो हिसका बसला, तो तिला अप्पा मागे बसल्याचा वाटला. अप्पा तर हवा भरायच्या नळापाशी उभे राहून मफलर नीट गुंडाळत होते. मला मागचं वजन नाही हे लगेच कळलं, पण सांगणार कुणाला? मी आपली रिकामी रिकामी उड्या मारत निघाले.

आणि नेमकी त्याच दिवशी ठकू बोलायला लागली. लांबच्या एका शहरात चष्म्याच्या काचांचा मोठा कारखाना आहे, तिथल्या साहेबांनी तिचं काम पाहिलंय, ते बोलावतायत, तिला जायचंय, खूप जायचंय, पण अप्पांना दुकानात कोण सोडणार, असं सगळं ती भडाभडा बोलली. पुलाखाली गाड्यांचा आवाज घुमतो, तिथे तर ती ओरडून म्हणाली, "अप्पा, मला जाऊ द्याल का?" अप्पा काहीच बोलले नाहीत. बोलणार कुठून? दुकानापाशी थांबून तिने मागे पाहिलं तर सीट रिकामी. तिची पाचावर धारण बसली. वाटेत पडले की काय!

थोड्या वेळाने अप्पा रिक्षातून उतरले, रागाने लाल झालेले.

"मी काय पोतं आहे का गं? पडलो की राहिलो, बघायला नको?"

"मला वाटलं तुम्ही बसलात."

"हात हलवत बडबडत निघाली होतीस. कुणाशी बोलत होतीस?"

"तुमच्याशीच."

"मग काय सांगत होतीस? सांग आता."

ठकूने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सांगेन कधीतरी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून अप्पांनी कानाला खडा लावला आणि नियम केला. बसल्यावर ते सीटवर दोन थापा मारणार, म्हणजे बसलो, सोड गाडी. उतरल्यावर एक थाप मारणार, म्हणजे उतरलो, जा आता. थाप पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ठकू हसून म्हणाली, "म्हणजे मी ड्रायव्हर आणि तुम्ही कंडक्टर." अप्पा म्हणाले, "हो. आणि तिकीट घरी तुझी आई फाडते." अप्पांनी आयुष्यात थापा मारल्या त्या एवढ्याच. बाकी माणूस फार सरळ होता.

मग पुढे कधी दुकानापाशी उतरताना ते मधूनच विचारायचे, "त्या दिवशी काय सांगत होतीस गं?" ती म्हणायची, "सांगेन." मग थाप पडायची आणि आम्ही पुढे जायचो. कारखान्याचं बोलावणं त्या वर्षी तसंच विरून गेलं. ठकूने घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

माझे ते दिवस चांगले होते. सुट्टीच्या दिवशी अप्पा जुनं बनियन घेऊन खाली यायचे, मला पुसायचे आणि शिलाई मशीनच्या तेलाची बुधली घेऊन स्टँडच्या बिजागरीत, ब्रेकच्या तारेत एकेक थेंब सोडायचे. ते तेल मला चालत नाही म्हणून गॅरेजवाले मामा ओरडायचे. तेल चालत नसेल, पण हात चालायचा. पार्किंगमधल्या महागड्या गाड्यांना कुणी असं हात लावत नव्हतं. मला ओरखडे पडले, एक आरसा फुटून दुसरा वेगळाच लागला, हॉर्नचा आवाज बसला, तरी एक सकाळ मी त्यांना पायी पाठवलं नाही.

मग ती सकाळ आली. अप्पा बसले तेव्हाच मला वजन वेगळं लागलं. होतं तेवढंच, पण सैल, ओल्या कपड्यांचं गाठोडं टेकवल्यासारखं. दोन थापा पडल्या, पण दुसरी उशिरा पडली. पुलाखाली त्यांचं डोकं ठकूच्या पाठीवर टेकलं.

"अप्पा, झोप लागली का?"

उत्तर आलं नाही. तिने एका हाताने त्यांचे हात आपल्या पोटाशी घट्ट धरले आणि मला इस्पितळाकडे वळवलं. मी जन्मात एवढी पळाले नव्हते. दारातून माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली आणि त्यांनी अप्पांना माझ्यावरून उचललं. त्यांचा हात सीटवरून घसरत घसरत गेला. थाप काही पडली नाही.

संध्याकाळी ठकू बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नुसता मफलर होता. तिने तो घडी करून माझ्या डिकीत ठेवला, किल्ली फिरवली आणि बसली. पुढचं वजन ओळखीचं होतं. मग माझ्या लक्षात आलं की माझी मागची स्प्रिंग सकाळपासून दबलेलीच आहे. अप्पांना उचलून नेलं तेव्हाही ती वर आली नव्हती.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मी भित्री नव्हे, पण त्या संध्याकाळी तळघरात मला खरोखर भीती वाटली. अप्पांची नाही, अप्पा तर माझेच होते. भीती याची वाटली की वर घरात सगळे रडतायत, आणि ज्याच्यासाठी रडतायत तो इथे खाली माझ्यावर बसून राहिलाय, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

मग लहानसहान गोष्टी घडायला लागल्या. मला मेन स्टँडला लावणं ठकूला जमेना. वॉचमन मदतीला आला, दोघांनी ओढलं तेव्हा कुठे मी चढले. "ताई, केवढी जड झाली हो ही," तो धापा टाकत म्हणाला आणि डिकी उघडून आत काय भरलंय ते पाहू लागला. आत मफलर होता. एकदा मी ठकूच्या दुकानाबाहेर पावसात उभी होते. ती फडकं घेऊन आली आणि माझी सीट पुसायला लागली. पुढचा भाग चिंब होता. मागे हात गेला आणि तिथेच थांबला. मागचा भाग कोरडा होता, एक माणूस बसेल एवढाच. तिने इकडे तिकडे पाहिलं, वर झाड आहे का, छप्पर आहे का ते पाहिलं. काहीच नव्हतं.

माझं ॲव्हरेज पडलं म्हणून तिने मला मामांच्या गॅरेजमध्ये नेलं. मामांनी मागचं टायर बोटाने चाचपलं.

"मागे रोज कोण बसतं?"

"कोणी नाही. मी एकटीच असते."

"मग टायर खोटं बोलतंय का? अहो, मधोमध साफ गुळगुळीत झालंय. शॉकअप बसलेत. हे डबल सीटचं काम आहे."

"तुम्हाला सांगितलं ना, कोणी बसत नाही!" ठकू इतकी जोरात बोलली की मामांच्या हातातला पाना खाली पडला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नवं टायर घातलं, शॉकअप बदलले. नवे शॉकअपही संध्याकाळपर्यंत खाली बसले.

आणि मग तो सिग्नल. दिवा लाल होता. शेजारी मोटारसायकलवर एक अनोळखी माणूस उभा होता. कुणाचा स्टँड खाली राहिला, कुणाची ओढणी लोंबत असली की रस्त्यावरची माणसं हाक मारून सांगतात ना, तसं तो अगदी सहज म्हणाला, "ओ ताई, मागच्या काकांचा मफलर सांभाळा. चाकात जाईल."

ठकूने मान वळवली. सीटवर कुणी नव्हतं, मफलर डिकीत होता. त्या माणसाने पुन्हा एकदा पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि दिवा हिरवा व्हायच्या आतच त्याने गाडी काढली. मागून हॉर्न वाजायला लागले तरी ठकू तशीच बसून होती. मग तिने मला सोडलं, अगदी हळू. पुढच्या गतिरोधकावरून तर तिने मला असं नेलं जसं अप्पांची कंबर दुखत असताना न्यायची. तेव्हा मला कळलं की तिलाही कळलंय.

तुम्हाला वाटेल ती घाबरली असेल. मित्रांनो, ती खूश झाली, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी खाली यायची, मागचे फूटरेस्ट उघडायची आणि क्षणभर थांबून मगच निघायची. रस्ताभर बोलायची. आज कुणाची काच फुटली, मालक काय म्हणाला, आई जेवत नाही. सिग्नलवरची माणसं तिच्याकडे बघायची. तिच्या दुकानातल्या मैत्रिणीने एकदा म्हटलं, "मला पुलापर्यंत सोड ना गं." ठकू पटकन म्हणाली, "मागे जागा नाही." मैत्रिणीने माझ्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, ठकूकडे पाहिलं आणि त्यानंतर कधी लिफ्ट मागितली नाही. रोज सकाळी आम्ही अप्पांच्या बंद शटरपाशी थांबायचो. ठकू गप्प बसायची. थाप पडायची नाही. मग आम्ही पुढे जायचो आणि संध्याकाळी ओझं घेऊन घरी यायचो.

अशात कारखान्याच्या साहेबांचा पुन्हा फोन आला. एका सकाळी ती माझ्याजवळ उभी होती तेव्हाच आला, म्हणून मला ऐकू आलं. "हो साहेब, आठवण आहे," ती म्हणाली. "महिनाअखेर? नाही, नाही जमणार. इथे सोडायला दुसरं कुणी नाही." आणि तिने फोन ठेवला. तिचा आवाज एखाद्या म्हाताऱ्या बाईचा वाटला. मला वाटलं, आता ही अशीच राहणार. रोज त्या शटरपर्यंत जाणार आणि परत येणार, मी मोडेपर्यंत, आणि मी मोडले की कुणास ठाऊक.

तिच्या मागे जिन्यात आई उभ्या होत्या. ठकू डबा विसरली म्हणून त्या खाली आल्या होत्या.

"कोणाला सोडायचं असतं गं तुला?" त्यांनी विचारलं.

 ठकूने माझ्या मागच्या सीटकडे पाहिलं. आईंनीही पाहिलं, पुढे आल्या आणि सीटवर हात ठेवला. हात झटकन उचलला. मग पुन्हा ठेवला आणि या खेपेला तसाच राहू दिला. सीट कोमट होती. ती रोजच असायची.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. आई, ते उतरलेच नाहीत. त्यांना उचलून नेलं ना, थाप मारायची राहून गेली."

 आई डोळ्यांना हाताची पालथी बाजू लावून म्हणाल्या, "खोडच आहे ती. लग्न झाल्यापासून बघतेय, उठा म्हटल्याशिवाय हे उठायचे नाहीत." त्यांनी डबा हँडलला अडकवला. "आणि तू रोज त्या दुकानापाशी थांबतेस म्हणे, तेव्हा काय बोलतेस?"

"काहीच नाही. उतरा म्हणायला जीभच उचलत नाही."

"मग ते कसे उतरतील? शिवाय ते पंपावरचं. त्या दिवशी तू काय बोललीस, ते सांगितलंस का त्यांना?" ठकूने नाही अशी मान हलवली. "घरी येऊन मला विचारायचे. 'काहीतरी मोठं असणार, ही एरवी एवढे हातवारे करत नाही.' त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं गं ते. चल, बस पुढे."

मग आई माझ्या मागच्या बाजूकडे वळून, घरात बोलतात तशा म्हणाल्या, "अहो, सरका जरा मागे." आणि त्या मधे बसल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या खालच्या मॉडेलवर तिघं! स्प्रिंग टेकायला आली, चढावर माझा जीव घशाशी आला. आई जन्मात दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा स्कूटरवर बसल्या असतील, त्यांनी ठकूची कंबर दोन्ही हातांनी आवळली होती. मोठ्या सिग्नलला तर शिट्टीच वाजली.

"ओ बाई, ट्रिपल सीट! घ्या बाजूला!" वाहतूक पोलीस तरातरा आला. जवळ आला तसा त्याचा वेग कमी झाला. त्याने बोट उचलून मोजायला सुरुवात केली आणि बोट हवेतच राहिलं.

"किती जण आहोत?" आईंनी शांतपणे विचारलं.

त्याने पुन्हा मोजलं. कपाळावरचा घाम पुसला. "जा," तो म्हणाला, "जा तुम्ही. ऊन फार आहे." ऊन काही फार नव्हतं.

पूल मागे पडला. मग अप्पांचं शटर आलं. कुलूप गंजलं होतं, फटीत कुणीतरी जाहिरातीचे कागद खोचले होते. ठकूने मला थांबवलं, इंजिन बंद केलं आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकले. तिने मागे वळून पाहिलं नाही. स्कूटरवर जसं बोलतात तसं, समोर बघत ती बोलली.

"अप्पा, त्या दिवशी मी सांगत होते की मला एक लांबची नोकरी आलीय. मला जायचं होतं. तुम्हाला दुकानात कोण सोडणार म्हणून मी गप्प बसले. आता पुन्हा बोलावलंय. आणि मला अजून जायचंय, अप्पा. तुमच्यावर रागावून नाही. मला ते काम करायचंय." तिने चष्मा नीट केला. "आईला मी फोन करीन, येत जाईन. मी जाऊ का?"

रस्त्यावर गाड्या होत्या, त्यांचा आवाज होता, पण आम्हा तिघींभोवती तेवढ्यापुरतं अगदी शांत झालं. काहीच घडलं नाही. मग आईंनी हळूच तिच्या पाठीत बोट खुपसलं.

"अप्पा," ठकू म्हणाली, "तुमचं दुकान आलं. उतरा."

आधी माझा उजवा शॉकअप हलला, कारण अप्पा नेहमी त्याच बाजूने उतरायचे. मग स्प्रिंग सावकाश वर यायला लागली. इतक्या दिवसांनी ती कुरकुरली, तेल मागत असल्यासारखी. आणि मग सीटवर थाप पडली. एकच. ती मी ओळखली. शोरूममध्ये 'हीच' म्हणताना पडली होती ती तीच.

 शटरच्या आत एक मशीन क्षणभर खडखडलं आणि थांबलं. शटरला बाहेरून कुलूप होतं.

"चल," आई म्हणाल्या, "आणि आता एवढं हळू नको चालवू. तुझा डबा गार होतोय."

ठकू त्या लांबच्या शहरात नोकरीला गेली. जायच्या आदल्या संध्याकाळी ती खाली आली आणि एका हिसक्यात मला मेन स्टँडला लावलं. किती हलकी झाले होते मी! तिने मफलर डिकीतून काढून स्वतःच्या गळ्यात गुंडाळला, सीटवर तळवा ठेवला आणि एक थाप मारली. म्हणजे उतरले, जाते. म्हणून मी तिची वाट बघत बसले नाही. जो सांगून जातो त्याची वाट बघावी लागत नाही, तो येतो तेव्हा येतो.

त्यानंतर मला कुणी चालवलं नाही. चाकांतली हवा गेली, बॅटरी उतरली, टाकी कोरडी पडली. शेजारच्या गाड्यांचे मालक मला खटारा म्हणायचे आणि भंगारात कधी देणार म्हणून विचारायचे. पण आई दुपारच्या खाली यायच्या. तळघरात गार वाटतं असं वॉचमनला सांगायच्या आणि माझ्या मागच्या सीटवर बसायच्या. दोन थापा मारायच्या आणि ठकूला फोन लावायच्या. बोलणं झालं की उतरून एक थाप. त्यांनी हा नियम कधी मोडला नाही.

काल त्या आल्या, बसल्या, दोन थापा मारल्या. ठकू तिकडून काहीतरी गमतीचं सांगत होती, कारण आई हसत होत्या. मग त्यांचं वजन सैल झालं. ते मी पूर्वी एकदा ओळखलं होतं, म्हणून लगेच ओळखलं. फोन खाली पडला आणि त्यातून "आई? आई?" असा आवाज येत राहिला. वॉचमन धावत आला, वरची माणसं आली, त्यांनी आईंना उचलून नेलं. त्यांचा हात सीटवरून घसरत गेला. मी थापेची वाट पाहिली. ती पडली नाही.

ठकू निघाली आहे, असं वॉचमन सकाळी कुणाला तरी सांगत होता. ती येईल, रडेल, आणि मग कधीतरी खाली येऊन सीटवर हात ठेवेल. तिला कळेल. आईंना कुठे सोडायचं, ते आईच तिला सांगतील. पण मी निघणार कशी?

मित्रांनो, गाडीला वेळच्या वेळी तेल घाला, तिचे ब्रेक बघा, तिला उन्हापावसात टाकू नका, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगते की कुणाच्या मागे बसलात तर उतरताना सांगून उतरा. आणि तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलंच, तर कृपा करून माझ्या मागच्या चाकात हवा भरा. आई कालपासून बसून आहेत.